सुईत दोरा ओवता आला तर ठीक

मंद्रूपच्या बाजारात माझं औषधाचं दुकान आहे आणि समोर सयाजी शिंप्याचं. म्हणजे होतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या या माणसाने दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही, तरी त्याचं लिव्हर खराब झालंय हे कळल्यावर अर्ध्या गावाने डोळे मिचकावले. खरं तर जुन्या काविळीने त्याचं लिव्हर आतून पोखरलं होतं. किती जणांना मी हे सांगितलं, पण लोकांना दारूचीच गोष्ट आवडते. माझं डोकं अजून फिरतं.

लिव्हर थकलं की रक्तातली घाण मेंदूत चढते आणि माणूस बरळतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा सयाजी गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्यालाच आपला मेलेला बाप समजून बोलायला लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी पोट साफ होण्याचं गोड औषध दिलं. चार जुलाब झाले की तो शुद्धीवर यायचा.

त्याची बायको सारजावहिनी. त्यांनी स्वतःची एक परीक्षा काढली. रोज सकाळी चहाआधी त्या नवऱ्याच्या हातात सुई आणि दोरा द्यायच्या. ओवला तर ठीक. हात चुकला की औषध दुप्पट. वर्षभरात पाच वेळा त्यांनी नवऱ्याला घरच्या घरी माणसात आणलं. आता दारावर डॉक्टरीणबाईंची पाटी लावा, असं मी चिडवायचो. त्या हसायच्या, आणि त्यांना ते आवडायचं.

दिवाळीनंतर सहाव्यांदा हात चुकला. वहिनी औषधाची मोठी बाटली घेऊन गेल्या. जाताना, त्याचं डोकं दुखतंय, लिव्हरला चालेल अशी गोळी द्या म्हणाल्या. मी दिली. चार दिवसांनी पुन्हा दिली, मग तिसऱ्यांदा. सयाजी कपाळ शिलाई मशीनला टेकवून बसलेला मला काउंटरवरून दिसत होता. जुलाब होत होते, पण बरळणं काही थांबेना. वहिनींनी औषध आणखी वाढवलं. बाराव्या दिवशी त्याला आकडी आली, तेव्हा कुठे आम्ही गाडी करून सोलापूर गाठलं.

डॉक्टर म्हणाले, मणक्यातून पाणी काढून तपासावं लागेल. त्याने माणूस लुळा होतो, अशी आपल्याकडे भीती. पण वहिनींनी मागेपुढे न बघता सही केली. त्या पाण्यात बुरशी निघाली.

"भाकरीला येती तसली?" वहिनींनी विचारलं.

वेगळी असते, डॉक्टरांनी समजावलं. श्वासातून आत जाते. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण लिव्हर गेलेल्याच्या अंगात तिला अडवायची ताकद उरत नाही, आणि ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. मग त्यांनी विचारलं, डोकं किती दिवस दुखत होतं? बारा, वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. उशीर झालाय, एवढंच बोलले.

दवाखान्यातच नवव्या दिवशी सयाजी गेला.

त्याच्या दहाव्याला जो तो वहिनींचे गुण गात होता. सारजाने नवऱ्याला लेकरासारखं जपलं, वर्षभर ओढून आणलं. त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भाऊ, समदी मला चांगलंच म्हनत्यात. तुमी तरी म्हना की माझं चुकलं."

मला ते म्हणवेना. नुसत्या लिव्हरच्या बरळण्यात डोकं इतकं दुखत नाही, ही शंका मला दुसऱ्या वेळी गोळ्या देतानाच आली होती. त्या एवढ्या खात्रीने औषध मागत होत्या, आणि त्यांना दुखवणं मला जड गेलं. म्हणून तेव्हा मी गप्प बसलो. हे सगळं मी त्यांना सांगून टाकलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं.



"तुमी नुसतं बोलला असता," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर मी त्याच दिशी गाडी केली असती की."