महादूचा बूस्टर

महादू गेल्याचं शेजारच्या एसटीडीवाल्याने दुकानात येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या समोरच्या मीटरचा काटा एकशे साठ व्होल्टवर थरथरत होता. केजच्या बाजारात दुपारची सामसूम होती. निरोप ऐकूनही मी बराच वेळ त्या काट्याकडेच बघत राहिलो... महादू माझा मावसभाऊ. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायचा. बेचाळीस हे काही हृदय बंद पडायचं वय नव्हे. आता दीड महिना होत आला.

अफू, मॉर्फिन यांनी मेंदूच्या पेशींत काय होतं, हे तो तपासायचा. "अफूच बघायची व्हती तर पुण्याला कावून गेलतास बे? अप्पा घरीच व्हते की," अशी मी त्याची थट्टा करायचो. अप्पा म्हणजे त्याचे वडील. गुडघेदुखीवर म्हणून कुणीतरी दिलेली अफूची गोळी त्यांना वीसेक वर्षं लागलेली होती. गोळी घेतली की ते ओट्यावर डोळे अर्धे मिटून बसायचे. चहा हातातच निवून जायचा, ऊन पायरीवरून उतरून अंगणात जायचं, आणि अप्पा लांबून कुणी हाक मारतंय तसे कान देऊन असायचे. लहानपणी आम्हीही शेजारी बसून ऐकायचो. काहीच ऐकू यायचं नाही.

अप्पांनी अफू सोडली ते वर्ष मला धंद्यामुळे नीट आठवतं. रंगीत टीव्ही हप्त्यावर घरोघर आले आणि वीज होती तेवढीच राहिली, त्यामुळे माझ्या दुकानात व्होल्टेज वाढवणाऱ्या बूस्टरचा खप वाढला. लाईट कमी आली की त्याचा नॉब एकेक घर चढवायचा, लाईट वाढली की उतरवायचा. त्याच कार्तिकात अप्पांनी कपिलधारला जाऊन देवापुढे अफू सोडली. एकदम, त्या दिवसापासून बंद. दोन-तीन दिवसांत ते आडवे झाले. अंगावर काटा, जांभयांवर जांभया, पोट बिघडलेलं आणि डोळ्यांतून पाण्याची धार. महादू सुट्टीवर आलेला होता. डॉक्टरांना विचारून थोडी परत सुरू करा, मग हळूहळू कमी करू, असं तो म्हणाला. अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"देवापुढं सोडलेली परत घिऊ? मीच कमजोर निघालो, दुसरं काय. बघ, लेकरावानी रडायलोय."

महादू टीव्हीखालच्या बूस्टरजवळ जाऊन बसला.

"अप्पा, लाईट कमी आली की तुमी काय करता?"

"नॉब चढवतो."

"आन् चढवलेला असतानाच फुल लाईट आली तर?"

अप्पांनी वर बल्बकडे बघितलं. आधीचा दिवाळीतच असा उडाला होता.

मग महादूने जे सांगितलं, ते मला समजलं तसं लिहितो. पेशीत अ‍ॅडेनिलिल सायक्लेज नावाचं एक एन्झाइम असतं. बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारा पदार्थ ते तयार करतं. अफू त्याला दाबते, निरोप मंद होतात, माणसाला गुंगी येते. पण रोजच दाबलं तर पेशी हळूहळू, नॉब चढवावा तसा, त्या एन्झाइमचा जोर वाढवून घेते. म्हणून तेवढी गोळी पुढे पुरत नाही. आणि गोळी एकदम थांबली की दाब निघतो, वाढलेला जोर तसाच राहतो, निरोपांचा नुसता लोंढा सुटतो.

"मग हे पानी?" अप्पांनी डोळे पुसत विचारलं.

"ते तुमचं न्हाई. चढलेल्या नॉबचं हाय."

बूस्टर घुमत होता, पिवळा बल्ब श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होत होता. अप्पा ते बघत पडून राहिले.

"देवाला काय सांगू?"

"सांगा, सोडलीच हाय. उतरायला वेळ लागायलाय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून थोडी गोळी परत सुरू झाली, आणि अप्पांनी माझ्याकडून एक जळका बूस्टर मागून घेतला. "ह्याला काय गॅरंटी?" असंही वर विचारलं. तो त्यांनी ओट्यावर, आपल्या बसायच्या जागेशी ठेवला. डॉक्टर गोळी थोडी कमी करायचे, अप्पा नॉब एक घर उतरवायचे. मधे एकदा परत चढवावाही लागला. उन्हाळ्यात तो 'एक'वर आला, मग गोळी संपली. पुढे महादू सुट्टीवर आला की वडिलांच्या पाया पडायचा आणि लगेच नॉब बघायचा. "अजून एकवरच का?" "मंग काय तुझ्यासाठी चढवू?"... दोघंही हसायचे.

महादू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर आम्ही बसलो होतो. अप्पांच्या जुन्या, अफूच्या बैठकीतले एकजण आले. त्यांनी कागदाची पुडी अप्पांपुढे सरकवली. "घ्या अप्पा, आजच्या दिस. लई जड हाय हे." कुणी अडवलं नाही. मलाही वाटलं, घ्यावी बिचाऱ्यांनी.

अप्पांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी पुडीकडे बघितलं, मग हात लांब करून जळक्या बूस्टरचा नॉब चाचपला. तो एकवरच होता. हात तिथेच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने पुडी परत सरकवली.

"राहू द्या. हे पानी नॉबचं न्हाई. माझं हाय."