बावीस नोव्हेंबरचा रकाना

दुपारचे तीन वाजलेत. जळगावच्या एका छोट्या दैनिकात इंदुमती भंगाळे उद्याचं दिनविशेष लिहितेय. कुणाचा जन्म, कुणाचं निधन. तेवीस वर्षं हेच. उद्या बावीस नोव्हेंबर. तिची केतकी अठरा वर्षांची होईल, आणि नवऱ्याला, प्रभाकरला, जाऊन आठ वर्षं होतील. दहाव्या वाढदिवशी केक आणायला गेलेला बाप ट्रकखाली सापडला, तेव्हापासून पोर वाढदिवसाचं नावही काढू देत नाही.

डोळे जड होतात. इंदुमती टेबलावर डोकं टेकते.

समोरच्या खुर्चीत प्रभाकर बसलाय.

"दमलीस गं," तो म्हणतो.

"दमणारच. एकटीनं ओढतेय."

खुर्च्या हलू लागतात. खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे पळतायत. दोघं एसटीत आहेत. कंडक्टर येतो, तिकीट न फाडताच पुढे जातो.

"केतकीला वाटतं, तिच्या केकपायी मी गेलो."

"हो."

"आणि तुला?"

ती बाहेरच बघत राहते. "दवाखान्यातून तुमचे कपडे मिळाले, तेव्हा खिशात सिगारेटचं नवं पाकीट होतं. केकचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच. तुम्ही पुलापलीकडच्या टपरीवर गेला होतात."

तो ओशाळतो. "डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली ना. मग पोरीला का नाही बोललीस?"

"गेलेल्या माणसाचं उणं कसं काढायचं?"

"आणि जित्या पोरीनं स्वतःला बोल लावलेला चालला?"

एसटी प्रसूतिगृहातल्या बाकापाशी येऊन थांबलीय. दाराआड तान्हं रडतंय. आपण बाहेर बसलोय तर आत बाळंत कोण झालं, हे इंदुमतीला विचारावंसंही वाटत नाही. प्रभाकर तिचं मनगट घट्ट धरतो.

"त्या रात्री इथंच बसून होतो मी. ही तारीख तिची आहे, इंदू. मला त्यात कोंबू नकोस."

"भंगाळे मॅडम, मजकूर द्या. पान लावायचंय."

ती दचकून जागी होते, टेबलाशी उभ्या पान लावणाऱ्याकडे कागद सरकवते. अंग आंबलंय, तोंड कोरडं पडलंय. तशीच ती फोन लावते.

"केतकी, घरीच थांब. बाबांबद्दल एक सांगायचं राहिलंय."

"काय गं?"

"समोर बसून सांगते. चिडलीस तरी चालेल."

फोन ठेवताना तिला डाव्या मनगटावर चार बोटांचे लाल वळ दिसतात. ती त्यांवर दुसरा हात ठेवते. कातडी अजून गरम आहे.