रिकामी पळी

लश्कर शहरात शिकायला आलो तेव्हा मी वार लावून जेवत असे. रोज वेगळ्या घरी. भेलशाच्या शाळेतून आलेल्या, घरात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं अशा मुलाला त्या घरांनी बी.ए. केलं. ते उपकार मी विसरू शकत नव्हतो, आणि दुसरी कादंबरी अडली होती ती तिथंच.

पहिल्या कादंबरीत सोमवारच्या घरच्या काकू जशाच्या तशा उतरल्या होत्या. लश्करच्या पाटणकर बाजारात लोक मला थांबवून विचारत, "ही अमक्यांचीच ना?" काकूंच्या मुलानं माझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हा ठरवलं, आता वाराच्या घरांतलं कुणी घ्यायचं नाही.

माझी लिहायची रीत अशी की आधी कथानक रचायचं नाही. एक पंगत मांडायची. कोण कसं वाढतं, कोण कसं जेवतं हे दिसलं की माणसं दिसतात. या खेपेला कल्पनेतली माणसं बसवली. ताटं वाढली, पण एकही घास कुणी उचलीना. पहिलं प्रकरण पुनःपुन्हा फाडलं. पुण्याच्या प्रकाशकांना "चाललंय" असं कळवत होतो आणि मनात भीती, की माझ्यापाशी एकच पुस्तक होतं आणि तेही दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातलं.

अशात गुरुवारच्या घरच्या काकूंनी जेवायला बोलावलं. वाढता वाढता म्हणाल्या, "काय रे, सोमवारवालीला पूरं पुस्तक दिलंस, आमची याद नाही आली?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, काकू."

"का? माझी कढी काय तिच्यापेक्षा पातळ होती?"

सगळे हसले. मीही हसलो. पण या घरचं मला आठवत होतं ते वेगळंच. काकू मुलांच्या भातावर तूप वाढीत आणि माझ्या ताटाशी आल्या की पळी रिकामीच कलती करीत. अशा सराईतपणे, की पंगतीत कुणाला कळू नये. तो हात आखडता होता की माझी लाज राखणारा, हे मला कधी ठरवता आलं नाही.

घरी येऊन तेवढंच लिहिलं, आणि प्रकरण चालू लागलं. आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली. हे छापलं तर हे घर तुटणार. न छापलं तर पुस्तक नाही. शेवटी ठरवलं, पुण्याला पाठवण्याआधी काकूंना वाचून दाखवायचं.

त्या गहू निवडत ऐकत होत्या. पळीपाशी आलो तेव्हा त्यांचा हात थांबला. मीही थांबलो.

"तुला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"आणि तरी दर गुरुवारी येत होतास," त्या म्हणाल्या. मग सूप बाजूला सारलं. "वाच की पुढे. थांबलास कशाला?"