उजव्याचा डावा मडगार्ड

पंचावन्न साल असेल. वडसा ते कुरखेडा धावणाऱ्या मोटारीचा डावा मडगार्ड मुखरूने सागाच्या झाडावर घालून त्याचा पार चेंदामेंदा केला. मालक गुणवंतराव ओरडले नाहीत, हेच वाईट झालं. एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी येतो. मोटार धड दिसली तं तू ड्रायव्हर. नाईतं घरची बैलगाडी आहेच." बैल हाकता हाकताच मुखरूचा बाप संपला होता.

नवा मडगार्ड नागपूरहून यायचा, आणि तो मागवायची मालकाची दानत नव्हती. मुखरू मोटार घेऊन धावला लटारू लोहाराच्या भट्टीकडे. लटारूने जन्मभर बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या, मोटारीला कधी बोट लावलं नव्हतं. पण पत्रा दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. सडकवाल्यांनी टाकून दिलेला डांबराचा पिपा त्याने फोडला, आणि शाबूत राहिलेला उजवा मडगार्ड चाचपत चाचपत दुपारपर्यंत हुबेहूब तसाच ठोकून काढला.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. डाव्या चाकावर तो बसेचना, कारण तो हुबेहूब उजवाच झाला होता! बैलगाडीचं चाक कुठल्याही बाजूला चालतं, त्यामुळे डावं-उजवं पाहायची लटारूला सवयच नव्हती. दुसरा पिपाही नव्हता. मुखरू धुळीतच बसला.

लटारूची बायको रुखमा भाता ओढत होती. ती म्हणाली, "काऊन रडून राह्यले, मुखरूभाऊ? बंडी उलटी करून घातली का डावा खिसा उजवीकडं जाते. यालेबी उलटवा ना."

लटारूने मडगार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग उठला, पत्रा थोडा थोडा तापवत फुगीर अंगावर हातोडा घालू लागला. सगळं मोडणार म्हणून मुखरूने डोळे मिटले. उघडले तर पोटाची पाठ होत होती. फुगवटा आत चालला होता, खळगा वर येत होता, आणि पत्र्याला कुठे चीरसुद्धा नव्हती. माणसाच्या हातून असं होऊ शकतं? मुखरूच्या अंगावर काटा आला, आणि हात आपोआप जोडले गेले. दिवस बुडायच्या आत मडगार्ड डाव्या चाकावर बसला.

सकाळी गुणवंतरावांनी मोटारीला फेरी मारली, वाकून दोन्ही बाजू पाहिल्या आणि मागे जाऊन बसले. "चाल, उशीर होऊन राह्यला."

मुखरू स्टिअरिंगवर बसला नाही. तो भट्टीकडे गेला आणि लटारूच्या पायांवर त्याने डोकं ठेवलं.

"उठ, बाप्पा," लटारू ओशाळून म्हणाला. "माया तं हात चालला. डोकं तिचं चाललं."

मुखरू उठला आणि रुखमाच्याही पाया पडला. मालक मोटारीत ताटकळत होते. त्यांना थांबवायची हिंमत मुखरूला जन्मात पहिल्यांदाच झाली होती.