ऑर्फेलिनाचं वाकडं झाड

ऑर्फेलिना नाउतोला नीट बसता येत नसे. जेवतानाही अर्धी बाकावर, अर्धी दारात. चुलीभोवती आम्ही माते, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, प्यायला बसलो की ती आपला घोट घ्यायची, पेला पुढच्याच्या हातात द्यायची आणि उठून खिडकीशी जायची. खिडकीबाहेर उतार, उतारावर झाडं. तुम्हा-आम्हाला झाड दिसतं, तिला वाक दिसायचा.

"दादा, तो बघ, ओढ्याकाठचा. होडीची तिसरी फासळी आहे ती."

"अगं, त्यावर पक्षी बसलाय. बसू दे की त्याला."

"पक्ष्याला सरळ झाडं कमी आहेत का?"

चिलोएच्या बेटांवर आम्ही होडी कागदावर काढत नाही. फळ्या वाफेवर वाकवता येतात. पण फासळ्या आणि नाळेचा खांब, म्हणजे होडीचं पुढचं नाक, वाढतानाच वाकलेल्या झाडाचे लागतात. समुद्राचा वारा झाडं वाकवून ठेवतो, आम्ही ती शोधत हिंडतो. ऑर्फेलिनाच्या बापाच्या, सिन्फोरियानोच्या होड्या बांधायच्या छपरीत मी गुडघे जाईपर्यंत तासणी चालवली. तिला मी तेव्हापासून बघतोय.

तिचं काम फटी बुजवण्याचं. दोन फळ्यांच्या मध्ये झाडाच्या सालीची वळलेली दोरी बसवायची, पटाशी लावायची, मोगरीने ठोकायची. दोरी सैल असेल तर आवाज बसका येतो. घट्ट झाली की अख्खी होडी खणखणते. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात लबाडी करता येत नाही. केली तर पहिल्या लाटेला कळतं. तिने बुजवलेली होडी गळल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पण तिला होडी बांधायची होती. पहिल्या झाडापासून शेवटच्या फटीपर्यंत आपल्या हातची एक. तरुण असताना तिने बापाला विचारलं होतं. म्हातारा म्हणाला, "पोरी, तुझा हात फटींना बसलाय. बसलेला हात हलवू नये." ती पुन्हा फटी बुजवायला लागली. म्हातारा गेला, छपरी धाकट्या भावाकडे, रुदेसिंदोकडे आली. तो बांधायचा, ती बुजवायची. पुढे कारखान्यातल्या प्लास्टिकच्या होड्या आल्या आणि छपरीत वर्षाला एखादं काम उरलं. बाई रिकामी झाली. रिकामी बाई बसली असती तर गोष्ट वेगळी. ही ओहोटीला किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, भरतीला उतारावर चढायची.

मग तिचं उजवं मनगट सुजायला लागलं. सकाळी मोगरी धरता येईना. तेव्हा ती घाबरली. त्याच आठवड्यात माझ्या दारात आली.

"दादा, तासणी दे."

"कशाला?"

"होडी बांधायचीय. माझी."

"तुला फटी बुजवता येतात."

"बुजवून बुजवून होडी आतून पाठ झालीय मला. कोण कुठे घाईत होतं, तेसुद्धा."

"पाठ असणं वेगळं आणि करणं वेगळं."

"म्हणून तर तासणी मागतेय. प्रवचन घरी आहे, रुदेसिंदोकडे."

माझी तासणी मी कुणाला देत नाही. तिला दिली.

पहिली फासळी वाया गेली. दुसरीही. दोन्ही तिने चुलीत घातल्या, रडारड केली नाही. तिसरी मी वाया ठरवली, तिने ठेवली. तिचं बरोबर होतं. तासायला बसलं की ती सकाळी थंड मनगट लोकरीच्या पट्टीत गुंडाळायची, ऊन होईपर्यंत डाव्या हाताने जमेल तेवढं करायची. कष्ट केले म्हणून मी कुणाचं कौतुक करत नाही, काम बघतो. काम बरं होत होतं.

नाळेसाठी लागणारं सिप्रेसचं झाड तिने केव्हाच हेरून ठेवलं होतं. वरच्या उतारावर, वाऱ्याने धनुष्यासारखं वाकवलेलं. आमच्याकडे लाकूड उतरत्या चंद्रातच तोडतात. चढत्या चंद्रात झाडात रस भरलेला असतो, ते लाकूड पिळवटतं, चिरतं. कुंपणाचा खांबही आम्ही चढत्या चंद्रात तोडत नाही. त्या वेळी चंद्र चढत होता. ती थांबली. म्हणजे घरात येरझारा घालत राहिली. आणि मग वरून करवतीचा आवाज यायला लागला. सरपणवाले उतार साफ करत खाली येत होते.

ती कुऱ्हाड घेऊन गेली.

बैलांनी झाड ओढत खाली आणलं तेव्हा रुदेसिंदो छपरीच्या दारात उभा होता.

"ताई, आकाशात काय आहे बघितलंस का?"

"ढग."

"ढगांच्या मागे?"

"ढगांच्या मागचं मला दिसत नाही."

"मला दिसतंय ना! सरपण आणलंस तू, सरपण."

मी तिला बाजूला घेतलं. "तोडलंस ते तोडलंस. आता छपराखाली ठेव, वर्षभर वाळू दे. चिरलं तर आधीच कळेल."

"वर्षभर? दादा, माझ्या मनगटाला विचार."

मनगटाला काय विचारणार? तिने ते झाड ओलंच तासलं आणि होडीच्या कण्याला जोडलं. हिवाळाभर काम चाललं. फासळ्या उभ्या राहिल्या, फळ्या चढल्या. होडीला पोट आलं, खांदे आले. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. शिव्या द्यायला आलेला रुदेसिंदोही फळी धरायला लागला. मला वाटलं, चंद्र चुकला असेल.

चंद्र चुकला नव्हता. वसंतात कोरडा वारा सुटला आणि नाळेचा खांब वरपासून उभा चिरला. आधी नख जाईल एवढा. आठवडाभरात बोट.

रुदेसिंदो आला, बघितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, यात काय आहे? फट बुजवण्यात तुझा हात कोण धरणार? दोरी ठोक, डांबर ओत, वरून रंग लाव. तुझ्या हातची फट कधी उघडलीय का?"

तो मनापासून बोलत होता आणि खोटंही बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी घरात होतो. छपरीतून मोगरीचा एक ठोका ऐकू आला. दुसऱ्याची वाट बघितली. आला नाही. काठी घेऊन गेलो. ऑर्फेलिना नाळेसमोर बसली होती. खरोखर बसली होती, दोन्ही पाय पसरून. मांडीवर दोरी, हातात मोगरी.

"काय झालं?"

"जन्मभर हेच केलं, दादा. बाबांची घाई बुजवली. रुदेसिंदोची बुजवली. आता माझी बुजवू?"

"बुजव. तरंगेल."

"तरंगेल, मला माहितीये. नुसती तरंगायला नव्हती बांधायची."

"मग कशाला?"

तिने मोगरी खाली ठेवली. म्हणाली, "पहार कुठेय?"

नाळेच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या तिने काढल्या. मी धरल्या. जी खाच आम्ही महिनाभर घासून बसवली होती, ती सुटताना अशी किंचाळली की रुदेसिंदो धावत आला. आता मात्र ओरडला.

"वेड लागलं काय तुला? दादा, तुम्ही तरी!"

"मला नको सांगू. पहार तिच्या हातात आहे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ऑर्फेलिनाने चढत्या चंद्रात झाड तोडलं," ती म्हणाली. "तोडलंच होतं."

लोक त्याहून बरंच काही म्हणाले.

मग झाड शोधणं आलं. आमच्या उतारावर आता तसं उरलं नव्हतं. ती पलीकडच्या खाडीत गेली, तिथून मागच्या जंगलात. दोन झाडं सापडली, दोन्ही आतून पोकळ. पावसात भिजून यायची, खायची, पुन्हा जायची. शेवटी दलदलीच्या कडेला एक मिळालं. चंद्र चढत होता. तिने झाडाला हात लावला आणि परत आली.

"उभं आहे," मला म्हणाली.

"आणि सरपणवाले?"

"आले तर आले."

चंद्र उतरणीला लागेपर्यंत तिने छपरीतली सगळी हत्यारं दोनदा परजली. मग झाड तोडलं, आणलं आणि या वेळी छपराखाली आडवं ठेवलं. पुढचा अख्खा हिवाळा. थांबणं तिला येत नव्हतं. तासणी शिकायला जेवढं जड गेलं नाही तेवढं हे गेलं. रोज सकाळी येऊन मोगरीने लाकूड वाजवायची, कान लावायची.

"आज?" मी विचारायचो.

"नाही."

मनगट वाईटच होत होतं. ते आम्हा दोघांनाही दिसत होतं, त्यावर बोलून काय करायचं? एका सकाळी लाकूड होडीसारखं वाजलं. तासताना तिला वारंवार थांबावं लागलं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "बस तू." पूर्वी मी तिला हेच सांगायचो.

होडी पाण्यात घातली ती उधाणाच्या भरतीला. मिंगा होती. मिंगात मजुरी नसते, ज्याचं काम त्याने जेवू घालायचं. शेजारच्या एरिबेर्तोने बैल आणले, सगळी खाडी दोराला लागली. किनाऱ्यावर खुंटावर कोकरू भाजत होतं, बायका बटाट्याचे भाकरीसारखे मिल्काओ थापत होत्या, सफरचंदाच्या दारूचं, चिचाचं, पिंप उघडलं होतं. ओंडक्यांवरून होडी घसरली, पाण्यात बसली.

डावीकडे बोटभर झुकली.

सगळ्यांनी बघितलं आणि सगळे कोकराकडे बघायला लागले. ऑर्फेलिना कमरेएवढ्या पाण्यातून गेली, वर चढली, तळातले वजनाचे दगड एकेक करून उजवीकडे सरकवले. होडी सरळ झाली. मग ती खाली वाकली. दिसेनाशी झाली. नाळेपाशी आतून हात फिरवत असणार. वर आली तेव्हा तळवा आमच्याकडे करून दाखवला. कोरडा. रुदेसिंदोने टोपी काढली.

तिने मात्र आमच्याकडे पाठ केली आणि शीड चढवायला लागली.

"ताई! मांस झालंय! लोक थांबलेत!"

"तू वाढ!"

"अगं, मिंगा तुझी आहे!"

"होडीपण!"

वाऱ्याने शीड भरलं आणि ती गेली. आमच्याकडे यजमानीण पंगत सोडून गेल्याचं मी तरी बघितलं नव्हतं. बायका चिडल्या. एरिबेर्तो म्हणाला, "माझे बैल घामाने निथळताहेत आणि ही फिरायला?" मी सुरी घेतली, मांस कापलं, वाढलं. खाताना कुणाची नजर पानावर नव्हती. शीड खाडीच्या तोंडाशी गेलं, टोकाआड झालं. रुदेसिंदो जेवला नाही, तिथेच उभा राहिला.

ऊन कलताना ती परतली. लोक पांगले होते. गार मांस उभ्यानेच खाल्लं, डाव्या हाताने. उजवं मनगट पट्टीत होतं, वर काखेशी धरलेलं.

"कशी चालते?" रुदेसिंदोने विचारलं.

"उजवीकडे वळताना जड जाते. मधल्या फासळ्यांत चुकले मी."

"चांगली आहे, ताई."

"चांगली आहे. पण जड जाते."

मी तासणी परत मागितली. कोकराच्या हाडाशी झटत तिने मान हलवली.

"अजून नाही, दादा."