मायसाठी आणलेली बाटली

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून ज्या बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांत माझी माय पुढे होती. माझा बाप पिऊन पिऊनच गेला होता, त्यामुळे तिच्या रागाला गावात कोणी अडवलं नाही. आमचं गाव चामोर्शीकडचं. नाल्यापलीकडे गोंडांचा टोला, म्हणजे त्यांची वेगळी वस्ती आहे. तिथल्या एका बाईचं मोहाच्या दारूचं मडकं मायनं अंगणातच फोडलं. ते देवाच्या पूजेसाठी ठेवलंय, असं ती बाई सांगत होती. मी तेव्हा शाळेत होते, मायच्या मागे उभी राहून घोषणा देत होते.

पुढे मी त्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. माय माझ्याकडेच राहायची. मग तिला गर्भाशयाचा कॅन्सर झाला, आणि कळलं तेव्हा तो हाडांपर्यंत गेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

घरी आणल्यावर दुखणं सुरू झालं. कंबरेपासून पायापर्यंत असं दुखायचं की ती चादर दातांत धरायची. साध्या गोळ्यांचा काही उपयोग नव्हता. आमच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर प्रामाणिक होता. यावर एक औषध आहे, पण ते अफूपासून बनतं, ते ठेवायला परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. मी परत नागपूर गाठलं. पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या.

ते पंधरा दिवस माय माणसात आली. उशीला टेकून बसली, वाटीभर पेज प्याली, शेजारणीच्या सुनेला नावं ठेवली. गोळ्या संपत आल्या तशी मी पुन्हा गेले. या वेळी औषधांच्या खिडकीतल्या माणसानं पेशंटला घेऊन या म्हटलं. बसमध्ये बसवता येत नाही, मी म्हणाले. त्यानं कुठलासा नियम दाखवला. शिवाय साठाही संपला होता, वरून कागद यायचा होता. मी रिकाम्या हाताने परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं मला जवळ बोलावलं.

"नाल्यापलीकडं जा. जिचं मडकं फोडलं, तिच्याकडून थोडी मोहाची घेऊन ये."

मला वाटलं, ती भ्रमात बोलतेय. पण ती शुद्धीवर होती. मी म्हटलं, आपल्याकडे बंदी आहे, मी सरकारी नोकर आहे. तरी ती बघतच राहिली, तेव्हा मी शेवटचं बोलून गेले, की माय, तू पंचशील घेतलं आहेस, दारू न पिण्याचं शील तू स्वतःच्या तोंडानं म्हटलं आहेस.

"ते मी घेतलं," माय म्हणाली. "कोणी माह्यावर लादलं नोतं. माह्यं शील मी पाळीन नाई तर मोडीन. तुले काऊन भेव वाटून राह्यलं?"

शाळा सुटल्यावर मी गेले. ती बाई आता म्हातारी झाली होती. मी उंबऱ्याशी उभी राहून कसंबसं सांगितलं. तिनं मायचं कुठं दुखतं, रात्री झोप लागते का, एवढंच विचारलं आणि आतून बाटली भरून आणली. तिच्या अंगणात फुटलेल्या मडक्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

परत येताना पुलाजवळ पोलिसांनी माझी गाडी थांबवली. त्यांतला शिपाई मला ओळखत होता, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यानं पिशवी उघडायला लावली. त्याच्या गालात खर्रा होता. या सुपारी-तंबाखूच्या खर्र्यालाही सरकारची बंदीच आहे. त्यानं बाटलीचा वास घेतला आणि थुंकून विचारलं, "मॅडम, तुमी? कोणाकडून आणली?"

माय आजारी आहे, हे मी सांगितलं. त्यानं पुन्हा तेच विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर निलंबनाचा कागद आला. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी म्हटलं, "नाल्यापलीकडची म्हातारी."

त्यानं बाटली रस्त्याकडेला ओतली आणि मला जाऊ दिलं. तुमच्यावर काही करत नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्यावर धाड पडली. म्हातारीची भट्टी मोडली, तिला गाडीत बसवून नेलं, संध्याकाळी सोडलं. बातमी मायपर्यंत पोचली, तेव्हा मी तिला कूस बदलायला मदत करत होते. तिनं माझा हात बाजूला केला.

"नाव काऊन सांगितलं?"

मी म्हटलं, नोकरी गेली असती. पुढचे नऊ दिवस तिनं काहीच मागितलं नाही, पाणीसुद्धा मीच विचारून पाजायचे. ती ओरडायची ते ऐकू येऊ नये म्हणून मी रेडिओ लावायचे. दहाव्या दिवशी दुपारी ती गेली.

म्हातारी घरी आली, बाहेर बसलेल्या बायकांत थोडा वेळ बसली आणि उठून गेली. मी तिच्यामागे फाटकापर्यंत गेले. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "तुह्या मायनं मडकं फोडलं ना बाई, तर माह्यापुढं उभं राहून फोडलं."

तिची केस अजून चालू आहे. तारीख असली की मी रजा टाकते आणि तिच्यासोबत कोर्टात जाते. वकील मी लावला आहे. तो सांगतो, कबूल करून टाका, किरकोळ दंडात सुटाल. म्हातारी म्हणते, देवाची दारू काढली हे कबूलच आहे, गुन्हा केला हे नाही. वकिलाला यातला फरक समजत नाही.

बसमध्ये मी तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवते. ती येते, माझ्याकडे बघते आणि मागे जाऊन उभी राहते.