निळ्या कानाची बकरी

कासमचाचा गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. फोन त्यांच्या बायकोचा, झुबेदाचाचींचा होता. "मास्तरीणबाय, चाचा गेले गो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ती नावांची शीट नीट हाय ना?" मला आधी चाचींचा रागच आला. अशा वेळी शीट कसली विचारता... मग कळलं, त्या बरोबरच विचारत होत्या. चारच दिवसांपूर्वी चाचांनी रंगवलेली ती पारदर्शक शीट माझ्या जेवणाच्या टेबलावर होती, आणि गेली दोन वर्षं त्या माणसाने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

मी सौदीतल्या जेद्दाच्या एका भारतीय शाळेत चित्रकला शिकवते. चाचा मूळचे श्रीवर्धनकडचे, कित्येक वर्षं इथल्या अल अझीझिया भागात दुकानांच्या पाट्या रंगवत आलेले. मला ते पहिल्यांदा दिसले ते काचेच्या पलीकडे. एका शिंप्याच्या दुकानाचं नाव ते आतल्या बाजूने रंगवत होते, म्हणजे सगळी अक्षरं उलटी. आतून लिहिताना अरबी आपल्या मराठीसारखी डावीकडून उजवीकडे जाते, हे इतकी वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं! मी आ वासून बघत उभी, आणि फोनवर नवऱ्याला ते मराठीत सांगतेय, तर चाचा ब्रश घेऊनच बाहेर आले. "मराठी काय गो तुम्ही?" मी विचारलं, हे उलटं लिहिणं शिकलात कुठे? म्हणाले, "बकरीपाशी."

ही बकरी सिनेमातली. तरुणपणी चाचा मुंबईत एका कार्टून स्टुडिओत रंगवायच्या कामाला होते. तिथे सात-आठ मिनिटांचं एक कार्टून झालं, थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचं. बकरी जे खाईल त्याचा रंग तिला चढतो, एवढीच गोष्ट. प्रत्येक हालचालीचं वेगळं चित्र, प्रत्येक चित्र पारदर्शक शीटवर. रेषा पुढून काढायची आणि रंग मागून भरायचा, म्हणजे रेष बिघडत नाही; उलट्या बाजूने रंगवायची सवय चाचांना तिथलीच. रंगखात्याच्या प्रमुख शांताबाई. रंगांना नंबर असत. एकदा ऐनवेळी बकरीचा कान लाल करायचं ठरलं, आणि शांताबाईंनी घाईत नंबराऐवजी कानापाशी पेन्सिलीने 'लाल'चं नुसतं 'ला' लिहिलं. चाचा आठवड्याभरापूर्वी लागलेले, शाळेपेक्षा मदरशात जास्त रमलेले. "अरबीत ला म्हणजे नाय," ते मला सांगत होते. "मना वाटला, कानाला रंगच नाय." त्यांनी त्या दृश्यातले सगळे कान कोरे ठेवले. मागच्या चित्रातलं आभाळ कानातून दिसलं, आणि पडद्यावर बकरीचा कान निळा झाला.

स्टुडिओचे शेठ खवळले. हे कोणी केलं, त्याला आत्ता काढतो म्हणाले. शांताबाई म्हणाल्या, "माझंच अक्षर घाणेरडं आहे, मला काढा." त्यांना काढणं शेठला परवडणारं नव्हतं. पुन्हा रंगवायला वेळही नव्हता. कार्टून तसंच लागलं, आणि लोक सगळ्यात जास्त हसले ते त्या कानाला. बकरीने आभाळही खाल्लं, असं त्यांना वाटलं. मग ती कल्पना शेठची झाली! सुरुवातीच्या पाटीवर नावही एकट्या शेठचंच होतं.

इकडे आल्यावर 'ला' चाचांना रोजच भेटू लागलं. इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या खिडकीवर ते ऐकलं की यांना हसू फुटायचं आणि खिडकीतला माणूस आणखी भडकायचा.

इथे सिनेमावर बंदी, त्यामुळे इतकी वर्षं थिएटरंच नव्हती. ती उघडली, आणि चाचांच्या मनाने घेतलं, की बकरी पुन्हा थिएटरात लागली पाहिजे आणि पाटीवर शांताबाईंचं नाव आलं पाहिजे. बाई कधीच गेल्या होत्या. खूप शोधाशोध करून मी त्यांच्या मुलीला, वसुधाताईंना गाठलं. त्यांच्या मुंबईच्या घरी माळ्यावर डब्यात रीळ निघालं, ते त्यांनी डिजिटल करून पाठवलं. आमच्या मराठी मंडळींनी मुलांसाठी एक सकाळ थिएटर घेतलं होतं, त्यात बकरी बसवली. नावं मी कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत टाकते म्हटलं, तर चाचा उखडले. "तुझ्या कम्प्युटरला शांताबाय म्हायत हाय काय?"

मग तीन शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजाआधी, ते माझ्याकडे येऊन बसले. डाव्या हाताने उजवं मनगट धरून रंगवायचे. मागच्या बाजूने, उलट्या देवनागरीत, शांताबाई सगळ्यात वर. मग चित्रं काढणारे गोविंद, रेषा उतरवणारी मेरी, कॅमेऱ्यावरचे दत्ता. मी म्हटलं, तुमचं? "माझा कशाला? मी तर चुकला." त्यांनी ब्रश धुतला आणि चहा मागितला. मी हट्ट करायला हवा होता. तो केला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

ते गेल्यावर कार्यक्रम पुढे ढकलू या, असं काही जण म्हणाले. चाची म्हणाल्या, "अजिबात नाय." कार्टूनच्या सुरुवातीला जोडायला शीटचा फोटो काढायचा होता, त्याआधी मी ती त्यांना दाखवायला नेली. त्यांनी नावं एकेक वाचली, दोनदा वाचली. "ह्यांचा नाव खंय?" मी काय झालं ते सांगितलं. त्या उठून चाचांची ब्रशांची पेटी घेऊन आल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, ब्रश कधी हातात न धरलेल्या त्या बाईने शीट समोर ओढली आणि दत्तांच्या नावाखाली हळूहळू लिहिलं... कासम. पुढच्या बाजूने. रंग मागून भरतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी रंगाच्या डबीला झाकण लावलं.

थिएटरात पाटी आली तेव्हा व्हिडिओ कॉलवर वसुधाताई चष्मा वर करून स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "आईचं नाव किती मोठं दिसतंय गं." निळा कान आला आणि घरी आयांना इंग्रजीत उत्तरं देणारी आमची सगळी पोरं खदखदून हसली. चाची मागे वळून त्या पोरांकडेच बघत होत्या.

शीट आता माझ्या वर्गात खिडकीला लावली आहे. मुलं येता-जाता तिच्यावरून बोट फिरवतात. वरची चारही नावं हाताला गुळगुळीत लागतात. कासम तेवढं बोटाला जाणवतं.